सात दिवसांचे शिबिर आणि गावाची विहीर

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही आहे. दत्तक गावात दर वर्षी आमचे सात दिवसांचे निवासी शिबिर होते. ग्रामसफाई, प्रभातफेरी, पथनाट्य आणि शेवटच्या दिवशी मुलींची हिमोग्लोबिन तपासणी, असा कार्यक्रम ठरलेला असतो. विद्यार्थी मनापासून राबतात, परंतु वर्गात ते जे शिकतात त्याचा गावाला काहीच उपयोग होत नाही, ही खंत मनात राहते. गावातील शाळेसाठी आणि आरोग्यासाठी आमच्या विषयाचा उपयोग कसा करावा?
– एक प्राध्यापक, मराठवाडा

उत्तर : आपल्याला हवे असलेले काम आपल्याच प्रयोगशाळेत दर वर्षी होत असते. ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन किती, हे सोडियम थायोसल्फेटच्या अनुमापनाने (टायट्रेशनने) काढण्याचे प्रात्यक्षिक आपले विद्यार्थी करतातच. तीच पावडर ग्रामपंचायतीच्या खोलीत ‘टीसीएल’ या नावाने पोत्यात पडलेली असते आणि गावाचे पिण्याचे पाणी तिच्या भरवशावर असते. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पण पोत्याचे तोंड उघडे राहिले, खोलीत ओल किंवा ऊन आले की तो उडून जातो. पावडर पांढरीच दिसते, वासही थोडाफार येतो, म्हणून गावाच्या पाण्याची देखभाल करणारा जलसुरक्षक नेहमीच्या अंदाजाने मूठभर टाकतो आणि पाणी शुद्ध झाले असे सगळे धरून चालतात. या पोत्यातील नमुना बंद बाटलीत घालून त्याच दिवशी महाविद्यालयात आणावा आणि त्याचे अनुमापन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. जे उत्तर येईल त्याची गावाला खरोखर गरज आहे, हे ठाऊक असल्यावर मुले ब्युरेटचे वाचन किती काळजीपूर्वक घेतात, ते आपणच पाहाल.

पुढचे पाऊल शाळेत टाकता येईल. आठवीच्या मुलांना वृत्तचितीचे घनफळ शिकवले जाते. दोरीला दगड बांधून विहिरीतील पाण्याची खोली मोजावी आणि फळ्यावर हिशेब मांडावा. मात्र दोरी सोडण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनीच करावे, शाळेच्या मुलांना कठड्याजवळ नेऊ नये. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल, तर सुमारे ३७,७०० लिटर पाणी होते. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर या प्रमाणाने सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागते. आपल्या अनुमापनात क्लोरीन १५ टक्केच निघाला, तर हेच वजन दुपटीहून अधिक घ्यावे लागेल. पावडर आधी बादलीत कालवावी, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे. गाळ विहिरीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो. त्यानंतर किमान तासभर ते पाणी कोणी भरू नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन अधिक खर्ची पडतो, त्यामुळे केवळ हिशेबावर विसंबून चालत नाही आणि शेवटी नळाचे पाणी तपासावेच लागते.

ही तपासणी गावात ‘ओटी टेस्ट’ म्हणून ओळखली जाते : ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात. हे रसायन विषारी असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती डीपीडीच्या गोळ्या देणे मला अधिक योग्य वाटते. त्यांनी गुलाबी रंग येतो आणि रंगपट्टीवरून प्रमाणही कळते. भारतीय मानकानुसार ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. येथे माझा एक आग्रह आहे. नमुना टाकीजवळच्या नळाचा न घेता जलवाहिनी जेथे संपते तेथील शेवटच्या घराचा घ्यावा. बहुतेक गावांत हे शेवटचे घर कोणाच्या वस्तीत असते, हे मी सांगण्याची गरज नाही, आणि क्लोरीन सर्वांत आधी तेथेच संपलेला असतो.

हे काम सात दिवसांत पुरे होणार नाही आणि ते तसे करूही नये. विहिरीचे पाणी पावसाळ्यात वेगळे असते, उन्हाळ्यात वेगळे. सेवा योजनेत स्वयंसेवकाने शिबिराखेरीज वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते; ते तास या एका विहिरीसाठी राखून ठेवावेत आणि पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने दर पंधरवड्याला जाऊन नोंद घ्यावी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने स्थापनेपासून, म्हणजे १९६९ पासून, खेड्याशी नाते जोडले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एका गावात शिबिरासाठी राहते, विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढेही ते त्याच घरांत जात राहतात. आता देशभरातील एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आला आहे. त्याच उंबऱ्यावर पुन्हा जावे लागते, तेव्हा मागच्या वेळी दिलेला सल्ला उपयोगी पडला की नाही, हे विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

जलसुरक्षकाला मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे आणि वजन करणे, मोजणे, तपासणे हे सारे हळूहळू त्याच्याच हाती द्यावे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावानेच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, लसीकरण, कुपोषण यांची माहिती शिकवत नेली आणि त्या स्त्रियांनी आपापल्या गावाचे आरोग्य सांभाळले. त्यांना जे पेलले ते आपल्या जलसुरक्षकाला पेलणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

हिमोग्लोबिन तपासणीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. पुढील उपचारांची व्यवस्था झाल्याशिवाय ती करू नये. एका शिबिरात मुलींच्या बोटाला सुई टोचून आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातील एका मुलीने ‘नऊ म्हणजे चांगले का?’ असे विचारले आणि उत्तर द्यायला तेथे कोणीही थांबलेले नव्हते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे, शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या दर आठवड्याला खरोखर दिल्या जातात का ते पाहावे, आणि मुली त्या का थुंकून टाकतात हे त्यांच्याकडूनच ऐकावे. उपाशीपोटी गोळी घेतल्याने मळमळते, हे बहुधा त्यांचे कारण असते. पोषण आहारानंतर गोळी दिली आणि त्यावर लगेच चहा टाळला, तर पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. महाविद्यालयाचे विद्यार्थी शिबिराच्या काळात येतात, मुलांना ‘शिक्षणाचे महत्त्व’ सांगतात आणि निघून जातात. माझ्या पाचवीच्या वर्गात निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. या विद्यार्थ्यांकडून मी काय मागावे?
– एक शिक्षिका, विदर्भ

उत्तर : भाषण नको, आठवड्यातील दोन दुपारी हव्यात, असे स्पष्ट मागावे. ग्रामीण मुलांना वाचता येते का, हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून वापरले जाणारे वाचनाचे साधन आपल्याला परिचित असेल : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट. एका मुलाला त्यासाठी काही मिनिटेच लागतात. त्यावरून इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाजवळ एक विद्यार्थी बसवावा. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेच्या बालसखी उपक्रमात त्याच वस्त्यांतील, फारसे प्रशिक्षण नसलेल्या तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास असेच शिकवले आणि मुलांच्या गुणांत झालेली वाढ अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोरपणे मोजून दाखवली. आपल्या वर्गात घरी गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुले असतील, तर ती भाषा जाणणारा एखादा तरी विद्यार्थी महाविद्यालयाकडून आवर्जून मागून घ्यावा. मुलांसमोर कोणाची पातळी उच्चारू नये. गटांना झाडांची नावे द्यावीत. दर सहा आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यावे आणि ज्याला पुढच्या पायरीचे वाचता आले त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात बसवावे.