घासाच्या रानात घासच का येत नाही?

प्रश्न : लसूणघास चार वर्षांचा झाला, मधे मधे विरळ पडला. नांग्या भरायला दोनदा बी टाकलं. उगवलं, पण रोपं बोटभर होऊन वाळली. द्विदल पिकाचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला म्हणतात, मग हे कसं?

उत्तर : बेवड चांगलाच आहे, पण दुसऱ्या पिकाला. लसूणघासाच्या अंगातली काही द्रव्यं पाण्याबरोबर मातीत उतरतात आणि घासाच्याच कोवळ्या मुळांना मारक ठरतात. मुळांपेक्षा पाल्यात ती जास्त असतात. जुन्या झाडापासून साधारण २० सेंटिमीटरच्या आत पडलेलं बी बहुधा तगत नाही. २० ते ४० सेंटिमीटरमधलं जगतं, पण त्याचं सोटमूळ आखूड राहून फाटे फुटतात. असं रोप पुढे कितीही खत घातलं तरी मागेच राहतं. म्हणून जुन्या घासात नांग्या भरणं म्हणजे बी वाया घालवणं. पेरणी वर्षाच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा द्रव्यं फारशी साठलेली नसतात.

आधी एक रोप उपटून पाहा. मुळाचं टोक जाड, वाकडं, तपकिरी आणि मूलरोम कमी, तर दोष या द्रव्यांचा. खोड जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडलं असेल, तर तो मर रोग. त्याचा उपाय निराळा. खात्रीसाठी एका कुंडीत घासाच्या रानातली आणि दुसरीत घास कधी न झालेल्या रानातली माती घेऊन २५-२५ बिया लावा. आठवड्याने नुसती उगवण मोजू नका, मुळांची लांबी मोजा. फरक तिथे आधी दिसतो.

शेवटची कापणी रानाबाहेर काढा, पाला गाडू नका. मग नांगरून मका किंवा ज्वारी घ्या. घासाने साठवलेला नत्र त्या पिकाला मिळतो, त्यामुळे युरिया कमी लागतो. एक हंगाम तरी मधे जाऊ द्या. हलक्या जमिनीत ही द्रव्यं सुरुवातीला जास्त झोंबतात, पण पाण्याबरोबर लवकर निचरून जातात. भारी जमीन त्यांना धरून ठेवते, तिथे घाई करू नका.

प्रश्न : टॅनिन (पाल्यातलं तुरट द्रव्य) असलेल्या द्विदल चाऱ्याने जमीन सुधारते का?

उत्तर : सुधारते, पण जनावराच्या पोटातून. सेनफॉइन, बर्ड्सफूट ट्रेफॉइल या द्विदल चारापिकांतलं टॅनिन पहिल्या पोटात प्रथिनांना धरून ठेवतं. त्यामुळे मुतातला नत्र घटतो, शेणातला वाढतो. मुतातल्या युरियाचा अमोनिया होऊन तो लगेच उडतो, नायट्रेट झालं की पाण्याबरोबर झिरपून जातं. शेणातला नत्र हळूहळू सुटतो. कोरड्या चाऱ्यात टॅनिन २ ते ४ टक्के असलं तर ठीक, त्याहून फार वाढलं की जनावर चारा कमी खातं. आणि असं शेणखत पेरणीच्या तोंडावर टाकून पिकाला लगेच नत्र मिळेल अशी अपेक्षा धरू नका.