बफेलोला जाऊन खरंच ४१२ डॉलर वाचतात का?

तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा ऑफिसात आणि एकदा घरी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, कारण अगदी असाच हिशोब २०११ साली मी तिला करून दाखवला होता आणि ती तेव्हाही अशीच हसली होती.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे जोडपं मिसिसागाचं (कॅनडात, ओंटारियो प्रांतात), वहिनींचा सातवा महिना संपत आलाय, सांगलीहून आईबाबा येऊन दाखल झालेत आणि बाळाच्या खरेदीची यादी तयार आहे. स्ट्रोलर अमेरिकन साईटवर २८० अमेरिकन डॉलर, इथे ४७० कॅनेडियन. कार सीट तिकडे १६०, इथे २९०. कपडे तिकडे १५०, इथे साधारण २७०. बेबी मॉनिटर तिकडे ९०, इथे १६५. सगळं लुइस्टनच्या एका मेलबॉक्सवर मागवायचं (नायगाराच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्यात), शनिवारी गाडी काढून घेऊन यायचं, आणि यांच्या हिशोबाने ४१२ डॉलर वाचतात. जमलं तर तिथल्याच बफेलो शहरात दोन रात्री राहायचं म्हणजे ड्यूटीचाही (आयात शुल्काचाही) प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की हे करावं का, आणि त्यासाठी वार्षिक फी असलेलं अमेरिकन डॉलरचं क्रेडिट कार्ड काढावं का.

कार्ड काढू नका, ते आधी सांगून टाकतो. वर्षातून चारदा अमेरिकेत खरेदी करणाऱ्याला त्याची गरज नसते, फॉरेन ट्रान्झॅक्शन फी न लावणारी बिनफीची कार्डं इथेच मिळतात.

आता ४१२ चं बघू. तुम्ही ६८० अमेरिकन डॉलरला १.३८ ने गुणलंत, ९३८ आले. इकडच्या किमतींची बेरीज ११९५, त्यावर १३ टक्के एचएसटी (ओंटारियोतला विक्रीकर), १३५०. वजाबाकी ४१२. गणित बरोबर आहे हो, पण टॅक्स फक्त इकडच्या बाजूला लावलाय, तिकडच्या बाजूला एक पैसा नाही, आणि इकडच्या बाजूलाही जास्तीचा लावलाय. ओंटारियोत लहान मुलांच्या कपड्यांवर आणि कार सीटवर एचएसटीचा ८ टक्क्यांचा प्रांतिक भाग बिलातच वजा होतो, फक्त ५ लागतो. डायपरचंही तसंच. घरातलं कुठलंही बिल काढून बघा, दिसेल. म्हणजे तिथेच ४५ डॉलर गेले, अजून आपण गॅरेजमधून गाडीही काढलेली नाही.

दुसरी गोष्ट, १.३८ हा भाव तुम्हाला मिळणारच नाही. आपली बहुतेक कार्डं वर २.५ टक्के लावतात, मग तो होतो १.४१ च्या थोडा पुढे. (भाव रोज हलतो, मी तुमचाच धरलाय.)

तिसरी, जी जवळजवळ सगळे विसरतात. माल न्यूयॉर्क राज्यातल्या पत्त्यावर गेला की तिकडचा सेल्स टॅक्स लागतो, नायगारा काउंटीत ८ टक्के, बफेलो ज्या एरी काउंटीत आहे तिथे ८.७५ (११० डॉलरच्या आतल्या कपड्यांना त्यातला राज्याचा ४ टक्के भाग माफ). आणि न्यूयॉर्क तो परदेशी माणसाला परत देत नाही. मग सीमेवर आपला टॅक्स वेगळा. म्हणजे एकाच स्ट्रोलरवर दोन सरकारं.

तो स्ट्रोलरच घेऊ. २८० अधिक ८ टक्के म्हणजे ३०२.४०, कार्डाच्या भावाने साधारण ४२८ कॅनेडियन. मेलबॉक्सवाले मोठ्या खोक्याचे दहाएक डॉलर घेतील असं धरा, १४. परत येताना १३ टक्के एचएसटी, नुसत्या किमतीवर धरला तरी ५०. झाले ४९२. इथे दुकानात टॅक्ससकट ५३१. वाचले ३९, आणि यात मी ड्यूटी शून्य धरलीय, तुमच्या मॉडेलला किती लागेल ते सीबीएसएच्या (कॅनडाच्या कस्टम्सच्या) साईटवर ड्यूटीचा एस्टिमेटर आहे त्यात टाकून बघा. मिसिसागा ते लुइस्टन जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, साधारण २० लिटर पेट्रोल, वर पुलाचा टोल. शनिवारच्या लायनीत गाडी चालू ठेवून एक तास उभं राहायचं त्याचे पैसे मी लावत नाही.

कपड्यांचं अजून मजेशीर आहे. ड्यूटी दुकान कुठल्या देशात आहे त्यावर नाही, माल कुठे बनला त्यावर लागते. अमेरिका, मेक्सिको किंवा कॅनडात बनलेला असेल तर ड्यूटी नाही, पण अमेरिकन औटलेटमधलं झबलं अमेरिकेत बनलेलं मला तरी आजवर सापडलेलं नाही. बाळाच्या कपड्यांवर सर्वसाधारण ड्यूटी १८ टक्के. म्हणजे लेबलवर मेड इन इंडिया असेल तर तिरुपूरला शिवलेलं झबलं, बफेलोला विकलेलं, आणि सांगलीच्या नातवाला घालायला १८ टक्के. १५० डॉलरच्या कपड्यांचा पूर्ण हिशोब केला तर २७० पडतात, इथे २८३. तेरा डॉलर वाचले.

आता ती दोन रात्रींची आयडिया. सूट खरी आहे, पण तिचे नियम लोक सोयीने ऐकतात. त्याच दिवशी परत आलात तर सूट शून्य, एक डॉलरचीसुद्धा नाही. २४ तास बाहेर राहिलात तर माणशी २००, पण माल २०१ चा झाला की सूटच गेली, पहिल्या डॉलरपासून सगळ्यावर लागतं. ४८ तासांनंतर माणशी ८००. तुम्ही दोघे, १६०० झाले, त्यात तुमची यादी आरामात बसते हे बरोबर. पण कार सीट सोडून (तिच्याबद्दल पुढे सांगतो) बाकी तीन वस्तूंवर ड्यूटी आणि आपला टॅक्स सगळा माफ झाला तरी वाचतात साधारण २१५ कॅनेडियन, आणि हॉटेल समजा १३० अमेरिकनने दोन रात्री म्हणजे ३६८. नायगारा बघायचाच असेल तर आपल्या बाजूने चांगला दिसतो.

आईबाबांचे ८००-८०० धरलेत तेही खोडा. ते व्हिजिटर आहेत, ही सूट इथे राहणाऱ्यांसाठी आहे, शिवाय भारतीय पासपोर्टवर त्यांना अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागेल. लहान मुलाच्या नावावर मात्र सूट घेता येते, वस्तू त्याच्याच वापरायची असेल तर. पण त्यासाठी त्याला आधी जन्माला यावं लागेल.

हसण्यावारी नेतोय पण ज्या कारणासाठी मी हा ट्रिपचा विषयच बंद करा म्हणतोय ते वेगळंच आहे. अमेरिकेत इमर्जन्सी आली तर ओहिप (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) ॲडमिट झाल्यावर दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन देतं आणि ॲडमिट न होता दाखवलं तर ५०. तिकडच्या हॉस्पिटलच्या बिलापुढे हे म्हणजे चहापाणी. सातवा संपताना कळा लवकर सुरू झाल्या, बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं, तर तो आकडा तुमच्या डाउन पेमेंटच्या फंडाला भिडतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊ म्हणाल तर पॉलिसीत प्रेग्नन्सीचा क्लॉज वाचा, बऱ्याच पॉलिसी शेवटच्या काही आठवड्यांतली प्रसूती आणि नवजात बाळाचा खर्च सरळ वगळतात. तुम्ही एकटे जाऊन या म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही, पण वहिनींना घेऊन अजिबात नाही.

कार सीट. ही अमेरिकेतून आणूच नका, फुकट मिळाली तरी. कॅनडात कार सीटवर नॅशनल सेफ्टी मार्क लागतो, मेपलच्या पानाचं छोटं चिन्ह असतं लेबलवर, ते नसेल तर ती सीट इथे कायदेशीर नाही. कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच, रंग तोच, पण अमेरिकन सीटवर ते पान नसतं. कोणाकडून जुनी पण घेऊ नका, सीटला एक्सपायरी असते आणि आधी ॲक्सिडेंटमध्ये होती का ते कळायला मार्ग नाही. ही एक वस्तू इथे, नवी, बिल ठेवून. तसंच आई वॉकर घ्या म्हणतील, बाळ आत बसून चाकांवर पळतं तो. तो २००४ पासून कॅनडात विकायला आणि बाहेरून आणायलाही बंद आहे, गराज सेलमध्येसुद्धा विकता येत नाही. आपला लाकडी पांगुळगाडा, धरून ढकलत चालायचा, तो चालतो.

मग अमेरिकेतून काहीच घेऊ नये का? तसं नाही. १ जुलै २०२० पासून नियम बदललाय आणि तो आपल्या फायद्याचा आहे. अमेरिकेतून कुरियरने आलेल्या पार्सलला ४० कॅनेडियनपर्यंत टॅक्स नाही ड्यूटी नाही, ४० ते १५० मध्ये फक्त टॅक्स, १५० च्या वर दोन्ही. हे कुरियरसाठी. तेच पार्सल पोस्टाने आलं तर मर्यादा जुनीच, २० डॉलर, आणि टॅक्स लागला की कॅनडा पोस्ट हाताळणीचे ९.९५ वेगळे घेतं. म्हणून चेकआउटला शिपिंग कोण करतंय ते बघायचं, लोक तिथे फक्त फ्री लिहिलंय का बघतात.

तुमचा मॉनिटर ९० अमेरिकन म्हणजे १२४ कॅनेडियन, बरोबर मधल्या खणात. कार्डाचा भाव धरून १२७, एचएसटी १६, एकूण १४३, इथे १८६. शिपिंग फ्री असेल तर ४३ सरळ खिशात, घरबसल्या. कपडे १५० चे न घेता १०० अमेरिकनचे घ्या, १३८ कॅनेडियन, म्हणजे ती १८ टक्के ड्यूटी गेली. पाच टक्के टॅक्स धरून १४८ पडतात, इथे तेवढेच कपडे १८९ ला. कुरियरवाल्याने १३ टक्के लावला तर ११ डॉलर जास्त जातील, तरी परवडतं. तसंही तीन महिन्यांच्या साईजचे ढीगभर कपडे घेऊ नका, निम्मे टॅग न काढता लहान होतात, आणि बदलायला परत पाठवणं आता डोक्याला ताप आहे, २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने तिकडे जाणाऱ्या छोट्या पार्सलची ८०० डॉलरची माफी बंद केलीय. परतीची कागदपत्रं नीट लागतात. भरलेल्या ड्यूटीचा रिफंड मागता येतो पण त्यासाठी अर्ज करत बसा.

एक अट, टॅक्स आणि ड्यूटी चेकआउटलाच भरून घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. २०१४ मध्ये मी ६० डॉलरचे हिवाळी बूट मागवले होते, कंपनीचं नाव घेत नाही, संध्याकाळी सातला बेल वाजली, बाहेर उणे अठरा, आणि कुरियरवाला म्हणे ४६ डॉलर द्या. बारा ड्यूटी, दहा टॅक्स, आणि चोवीस त्यांनी माझ्या वतीने कस्टम्सचा फॉर्म भरला त्याचे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. दिले. दार उघडं ठेवून भांडायची सोय नव्हती. नंतर कळलं की आपण स्वतः सीबीएसएच्या ऑफिसात जाऊन क्लिअर करू शकतो, ब्रोकरेज वाचतं, अर्धा दिवस जातो.

तुमचे साडू म्हणाले ना की विकणाऱ्याला गिफ्ट लिहायला सांगा, किंमत कमी टाकायला सांगा? ते करू नका. गिफ्टची ६० डॉलरची सवलत खरी आहे पण ती बाहेरच्या माणसाने तुम्हाला पाठवलेल्या खऱ्या भेटीला, स्वतः पैसे भरून मागवलेल्या वस्तूला नाही. पकडलं तर माल जप्त, दंड, आणि पुढेही सीमेवर बाजूला घेऊन तपासू शकतात. सांगलीहून मावशी दुपटी आणि डिंकाचे लाडू पाठवणार आहेत ती मात्र खरी गिफ्ट, त्यांना खोक्यावर खरी किंमत लिहायला सांगा आणि आत एक चिठ्ठी घाला म्हणावं.

२०११ चं सांगायचं राहिलं. त्या उन्हाळ्यात आपली लूनी (कॅनेडियन डॉलर) अमेरिकन डॉलरच्या वर होती, आम्ही महिन्याआड बफेलोला जायचो आणि तेव्हा खरंच परवडायचं, बायको हसली तरी. इथल्या जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच भाव बसलाय आणि तेच नवीन आलेल्यांना सांगतात. आता तुमच्याच हिशोबात अमेरिकन डॉलर १.३८ ला आहे. मध्ये मार्च २०२५ पासून बऱ्याच अमेरिकन मालावर आपण २५ टक्के सरटॅक्सही (जादा कर) लावला होता, बहुतेक वस्तूंवरचा त्याच वर्षी १ सप्टेंबरला काढला.

तर मॉनिटर आणि थोडे कपडे तिकडून कुरियरने, कार सीट इथून नवी, आणि स्ट्रोलर मराठी ग्रुपवर विचारा, सहा महिने वापरलेले निम्म्या किमतीत मिळतात, तिथेच तुमचे दोनशे सुटतील. बाळाचा सिन नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आला की आरईएसपी (मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं) उघडा, वर्षाला २५०० टाकले की सरकार ५०० घालतं. पहिल्या वर्षी नाही जमलं तरी ती ग्रँट पुढे नेता येते, तेव्हा त्यासाठी कर्ज काढू नका.

आणि स्ट्रोलर कुठूनही घ्या, आधी घडी घालून तुमच्या डिकीत ठेवून बघा. आमचा बसला नव्हता, वर्षभर मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी प्रवास केला त्याने.