सुचण्याआधीच्या दिवसांविषयी

नवोदितास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहिण्याची इच्छा तीव्र असूनही लिहिण्यासारखे काहीच सुचत नाही, अशा वेळी प्रेरणा कुठून आणायची, असे तू विचारले आहेस. त्याच पत्रात थोडे पुढे, अलीकडे वाचन जवळजवळ थांबले असल्याचेही तू ओझरते लिहिले आहेस. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, आणि म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग वाचनाविषयीच असणार आहे.

आधी एवढे सांगते, की काहीच न सुचण्याच्या अवस्थेला घाबरू नकोस. १८१६ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या मेरी शेली स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी राहत होत्या. पावसामुळे घरात अडकून पडलेली मंडळी जर्मन भूतकथांची फ्रेंच भाषांतरे वाचत बसली होती, आणि त्या वाचनाच्या भरात कवी बायरन यांनी सुचवले, की प्रत्येकाने अशी एक कथा लिहावी. मेरी यांना मात्र काही केल्या कथा सुचेना. रोज सकाळी त्याबद्दल विचारणा होई आणि रोज ओशाळून नकार द्यावा लागे, हे त्यांनी स्वतःच ‘फ्रँकेन्स्टाइन’ या आपल्या कादंबरीच्या १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. मग एके रात्री जीवनाचे मूळ तत्त्व काय असावे आणि निर्जीव देहात प्राण आणता येईल का, यावर रंगलेली चर्चा ऐकून त्या अंथरुणावर पडल्या, आणि झोप न लागलेल्या त्या रात्री ‘फ्रँकेन्स्टाइन’चे बीज त्यांना मिळाले. १८१८ मध्ये ती कादंबरी प्रसिद्ध झाली. ही हकिगत सांगणारे बहुतेक लोक त्या रात्रीवरच थांबतात. मला मात्र त्याआधीचे दिवस अधिक मोलाचे वाटतात, कारण मनापासून वाचलेल्या कथा आणि शांतपणे ऐकलेले इतरांचे बोलणे यांच्यावाचून ती रात्र आलीच नसती. त्याच प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे, की नवनिर्मिती शून्यातून होत नाही. तिला आधी काहीतरी सामग्री हाताशी लागते.

ही सामग्री जमवण्यासाठी म्हणून मात्र वाचू नकोस. ‘यातून मला काय मिळेल’ असा हिशेब मनात ठेवून पुस्तक उघडले, की वाचणारा सतत काठावरच उभा राहतो आणि पुस्तक त्याला आत घेत नाही. तुझे वाचन थांबले त्यामागे हेच कारण असावे, अशी मला शंका आहे. वाचलेच पाहिजे अशा पुस्तकांची यादी काही काळ बाजूला ठेव. लहानपणी ज्या पुस्तकाने तुला वेळेचे भान राहू दिले नव्हते, ते पुन्हा हाती घे. जे पुस्तक मन धरत नाही ते निम्म्यावर सोडून दे. त्यात पुस्तकाचा अपमान नाही आणि तुझा पराभवही नाही. कथा-कवितांच्या बाहेरही मोकळेपणाने फिर: पक्ष्यांवरची पुस्तके, प्रवासवर्णने, जुने पत्रव्यवहार, शब्दकोश. शब्दकोश तर अर्थ शोधण्यासाठी नव्हे, तर नुसता चाळण्यासाठी उघडून पाहा. आनंदाने वाचलेले स्मरणात राहते, आणि स्मरणात राहिलेलेच पुढे कधीतरी, ओळखू येणार नाही अशा रूपात, लेखनात उतरते.

लेखनाची कला शिकण्यासाठी दुसरे वाचन असते, आणि ते पहिल्या वाचनानंतरच करावे. आवडलेल्या कथेतला एखादा परिच्छेद घेऊन, त्याने आपल्याला का धरून ठेवले, हे सावकाश पाहावे. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील निबंधांबाबत जे केले, ते आजही करून पाहण्यासारखे आहे. निबंधातील प्रत्येक वाक्याचा आशय ते थोडक्यात टिपून ठेवत, काही दिवस जाऊ देत, मग मूळ निबंध न पाहता तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहीत आणि शेवटी मुळाशी ताडून आपल्या उणिवा दुरुस्त करत. कधी ती टिपणे मुद्दाम विस्कटून टाकत आणि काही आठवड्यांनी त्यांची मांडणी नव्याने लावत. त्या निबंधांसारखे आपल्यालाही लिहिता यावे, अशी त्यांची इच्छा होती. विचार वाक्यात कसा बसतो, हे हाताला कळावे यासाठी तो खटाटोप होता.

कानालाही विसरू नकोस. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. भाषेची लय इतकी पक्की असण्यासाठी अक्षरओळख आवश्यक नसते, तर ऐकण्याची सवय असावी लागते. म्हणून आवडलेले पान मोठ्याने वाच, आणि आपण लिहिलेलेही. जिथे जीभ अडखळते, तिथे बहुधा वाक्यच चुकलेले असते.

आता विषय मिळण्याबद्दल. हेन्री जेम्स यांना ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइन्टन’ या कादंबरीचे बीज जेवणाच्या टेबलावर सहज निघालेल्या बोलण्यातून मिळाले. घरातल्या मौल्यवान सामानावरून आई आणि मुलगा यांच्यात वितुष्ट आल्याची ती गोष्ट होती. तेवढे कानावर पडताच त्यांना कथा दिसली आणि पुढचा तपशील त्यांना नकोसा झाला. प्रत्यक्षात पुढे काय घडले, याने कथेचे नुकसानच होणार, असे त्यांना वाटले. मला हे निरीक्षण फार खरे वाटते. एखाद्या घटनेची इत्थंभूत माहिती मिळाली, तर ती कळवण्याजोगी बातमी होते. अर्धवट कळली, तर उरलेला भाग मन स्वतः रचू लागते. त्यामुळे सगळे समजेपर्यंत लिहायचे थांबण्याची गरज नाही.

एक लहान वही जवळ बाळग. रोजचे काय घडले याची नोंद तिच्यात नको. वाचताना किंवा कुणाचे बोलणे ऐकताना ज्या ठिकाणी तुझे लक्ष अडकले, ती जागा एका ओळीत लिही, आणि का अडकले हे समजत नसेल तर तेही तसेच लिही. आठवड्याने त्या ओळी वाचल्यावर बऱ्याचशा निर्जीव वाटतील. एखादी मात्र अजूनही तुला छळत असेल. ती ओळ कोऱ्या पानाच्या शीर्षस्थानी उतरवून तिच्याखाली न थांबता पानभर लिही, चांगले-वाईट ठरवण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकून.

पुढच्या पत्रात पूर्ण कथा पाठवण्याची घाई करू नकोस. त्या वहीतल्या चार-पाच ओळी आणि सध्या तुला खरोखर आवडत असलेल्या पुस्तकाचे नाव पाठव. ते पुस्तक मी वाचले नसेल, तर तुझे पत्र येताच मिळवून वाचेन.

तुझी हितचिंतक