केनवूडचा माइक आयकॉमच्या रेडिओला लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना केनवूड कंपनीचा हँडमाइक हाताशी आहे, रेडिओ (हॅमचा, बोलणं पाठवणारा आणि ऐकवणारा सेट) आयकॉम कंपनीचा आहे, दोन्हीकडे तोच आठ पिनांचा गोल कनेक्टर. माइक नीट बसतो, पण पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबलं तरी रेडिओ ट्रान्समिटला जात नाही. प्लगमधल्या वायरी अदलाबदल करून पाहू का?

आधी तो माइक काढून ठेवा आणि पीटीटी पुन्हा दाबून बघू नका. केनवूडच्या माइकात पीटीटी २ नंबरच्या पिनेवर येतं, आणि आयकॉममध्ये २ नंबरवर रेडिओतून बाहेर येणारे ८ व्होल्ट असतात. बटण दाबलं की तुमचा माइक २ आणि ८ या पिना एकमेकींना जोडतो. केनवूडच्या दृष्टीने ८ म्हणजे ग्राउंड, आयकॉमच्या दृष्टीने ८ म्हणजे ऑडिओ आउटपुट. त्यात माइकच्या आत ७ आणि ८ एकत्र केलेल्या असतील, तर ८ व्होल्ट सरळ ग्राउंडवर जातात. ती लाइन जास्तीत जास्त १० मिलिअँपिअरची असते, आणि ती ग्राउंडला शॉर्ट केल्यास आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) खराब होऊ शकतो, असा इशारा आयकॉमच्या मॅन्युअलमध्येच दिलेला असतो. माझ्या हातून एका रेडिओची अशीच माइकची सप्लाय गेली होती. डिस्प्ले चालू, रिसीव्ह उत्तम, फक्त माइक मुका. दोन दिवस मी माइकच तपासत बसलो होतो. म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

आता पिना. आयकॉमच्या आठ पिनी सॉकेटात १ माइक, २ आठ व्होल्ट, ३ अप-डाउन, ४ स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय), ५ पीटीटी, ६ पीटीटीचं ग्राउंड, ७ माइकचं ग्राउंड आणि ८ ऑडिओ. केनवूडमध्ये १ माइक, २ पीटीटी, ३ डाउन, ४ अप, ५ आठ व्होल्ट, ७ माइकचं ग्राउंड, ८ ग्राउंड. ६ चा उपयोग मॉडेलनुसार बदलतो. म्हणजे जुळतात फक्त १ आणि ७. याएसू या आणखी एका कंपनीच्या आठ पिनी रेडिओत तर माइक ८ वर आणि पीटीटी ६ वर. कनेक्टर एकच, पण प्रत्येकाची मांडणी वेगळी. तरीही तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून एकदा पडताळून घ्या.

मॅन्युअलमधलं चित्र वाचताना बहुतेकांची गल्लत होते, तिथे जरा थांबा. चित्र सहसा रेडिओचं सॉकेट समोरून पाहिल्यासारखं काढलेलं असतं. प्लगचं तोंड तुमच्याकडे केलंत तर पिना आरशातल्यासारख्या उलट दिसतात. पण प्लग उलटा धरून सोल्डरची बाजू पाहिलीत, की तुम्ही पुन्हा रेडिओच्याच दिशेने पाहत असता, त्यामुळे क्रम चित्राशी तंतोतंत जुळतो. शंका असेल तर भिंग घ्या. बऱ्याच प्लगांत पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवा, वायरीच्या रंगावर नको. रंगांना कसलाही नियम नसतो.

यानंतर माइकची कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) कसली आहे ते शोधा, कारण खरा घोळ इथे होतो. माइक उघडा, कॅप्सूलची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर ओमवर लावा. काहीशे ओम दिसले आणि प्रोब टेकवताना कॅप्सूलमधून बारीकसं ‘टक्’ ऐकू आलं, तर ती डायनॅमिक, म्हणजे कॉइल आणि चुंबकावर चालणारी. किलोओममध्ये आकडा आला आणि प्रोब उलटे केल्यावर बदलला, तर इलेक्ट्रेट. इलेक्ट्रेटच्या आत एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो, त्याला चालायला डीसी (एकाच दिशेचा पुरवठा) लागतो. आयकॉम हा डीसी १ नंबरच्या पिनेवरूनच देतो, त्यामुळे साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल १ आणि ७ च्या मध्ये थेट लावता येते. जे टोक कॅप्सूलच्या धातूच्या डबीला जोडलेलं असतं ते ७ वर. डायनॅमिक असेल तर मात्र तिच्या कॉइलमधून हा डीसी वाहू देऊ नका. १ नंबरच्या वायरीत १ ते १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घाला, अधिक टोक रेडिओकडे. डायनॅमिकचा आवाज कमी भरेल, माइक गेन चढवावा लागेल, कदाचित छोटा प्रीअँपही (माइकचा सिग्नल वाढवणारं सर्किट) लागेल.

मग जोडणी अशी: माइककडची १ रेडिओच्या १ ला, २ जाईल ५ ला, ७ ची ७ ला, ८ जाईल ६ ला. माइकात प्रीअँप असेल आणि त्याला सप्लाय लागत असेल तरच ५ ही २ ला जोडा. अप-डाउन सध्या सोडून द्या. पुढे हवंच असेल तर आयकॉम एकाच ३ नंबरच्या पिनेवर दोन्ही ओळखतो: थेट ग्राउंड म्हणजे अप, ४७० ओममधून ग्राउंड म्हणजे डाउन.

६ आणि ७ दोन्ही ग्राउंडच आहेत, मग एकाच वायरीवर का नको? कारण माइकचा सिग्नल मोजक्या मिलिव्होल्टचा असतो. पीटीटीचा आणि इतर करंट त्याच बारीक वायरीतून परतला, तर तिच्यावर पडणारा व्होल्टेज थेट तुमच्या आवाजात मिसळतो आणि समोरच्याला गुणगुण ऐकू येते. माइकच्या कोरभोवतीचं शिल्ड ७ वर, पीटीटीची परतीची वायर ६ वर. ती दोन्ही रेडिओच्या आतच भेटू देत.

सोल्डर करण्याआधी प्लगचं कव्हर आणि हीटश्रिंकचे (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचे) तुकडे केबलवर ओवून घ्या. हे विसरलं की सगळं काम पुन्हा. प्लग एखाद्या जुन्या सॉकेटात खोचून सोल्डर केलात तर प्लास्टिक तापून पिना तिरक्या होत नाहीत. शिल्डची एखादी मोकळी तार शेजारच्या पिनेला टेकते, ती भिंगाखाली शोधा. मग रेडिओला लावण्याआधी मीटरने बीप तपासा: बटण दाबल्यावर ५ आणि ६ मध्ये बीप यायला हवा, २ पासून ६, ७ किंवा प्लगच्या कव्हरपर्यंत बटण दाबलेलं असो वा नसो, कधीच येता कामा नये.

पहिली चाचणी ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर शोषून घेणारा रेझिस्टर), कमी पॉवरवर, कंप्रेसर (आवाजाची पातळी सपाट करणारी सोय) बंद ठेवून. एएलसीचा (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा नेमलेल्या पट्ट्यात राहील इतकाच माइक गेन ठेवा आणि दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐका. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर पॉवर वाढवली की फाटका, असं झालं तर वायरिंगला दोष देऊ नका. आरएफ, म्हणजे तुमच्याच ट्रान्समिटचा रेडिओ सिग्नल, माइकच्या केबलमधून आत शिरतोय. कॅप्सूलच्या दोन टोकांवर १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घ्या, आणि फीडलाइनच्या (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) बाहेरच्या बाजूने परत येणारा करंट अँटेनापाशी चोक लावून रोखा.

कॅप्सूलचे ओम मोजलेत की आकडा कळवा. कपॅसिटर लागेल की नाही ते त्यावरून लगेच सांगता येईल.