कोकणातल्या जुन्या घराची मागची पडवी, न्हाणी आणि कोठीची खोली पाडून एकच 'युटिलिटी' करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गुहागरजवळ आजोबांचं जांभ्याचं कौलारू घर आहे, आई-वडील आता तिथे कायमचे राहायला जाणार, ओटी-माजघराचं सगळं ठरलंय. मागच्या तीन खोल्या तोडून तिथे काचेच्या खिडक्या आणि लॅमिनेटची कपाटं असलेली एक बंद खोली करावी, असं तुमचा शहरातला इंटिरिअरवाला म्हणतो.

पाडू नका. आणि बंद खोली तर मुळीच करू नका. मी दापोली-गुहागर पट्ट्यात जुन्या घरांच्या डागडुजीची कामं घेतो. लोक ओटीवर झोपाळा कुठे टांगायचा यावर चार-चार बैठका घेतात आणि मागचं दार उघडून बघायचंही त्यांना सुचत नाही. पण जूननंतर घर चालतं ते मागच्या दारीच. पाणी तापवणं, धुणं, भांडी, नारळ सोलणं, भिजलेल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, सगळं तिथे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा आराखडा काढताना पहिला प्रश्न विचारायचा तो एकच: या घरात कपडे कुठे वाळणार?

खिडक्या उघड्या ठेवल्या की वाळतात, हा मुंबई-पुण्याचा समज. जुलैत बाहेरच्या हवेतच ९० टक्के आर्द्रता असते, ती आत घेऊन काय वाळणार? हवा थोडी तापवावी लागते. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर उतरते. नुसत्या पाच अंशांचा हा फरक, पण चादर वाळणं आणि चादरीला कुबट वास येणं यातलं सगळं अंतर त्यात आलं. ही उष्णता तुमच्या घरात रोज फुकट जाते, न्हाणीतल्या बंबाची.

म्हणून मी असं करेन. न्हाणी आणि पडवी यांच्यामधल्या भिंतीशी बंब घ्यायचा आणि त्याचं धुराडं पडवीच्या बाजूने वर काढून कौलांबाहेर न्यायचं. धूर बाहेर, ऊब आत. धुराडं कौलांतून जातं तिथे वासा-रीप हातभर लांब ठेवायला सुताराला बजावा. पडवीचा तेवढाच पाच-सहा फुटांचा भाग पार्टिशनने वेगळा करायचा, ही वाळवणाची खोली. खाली जमिनीलगत जाळीचं एक भोक आणि वर भिंत व वासे यांच्यामध्ये वीतभर मोकळी फट, तिलाही जाळी. वरची फट गवंडी हमखास बुजवतो, त्याच्याजवळ उभं राहा. ती बुजली तर ओली हवा आतच फिरत राहते. दोऱ्या नायलॉनच्या, उंच, आणि कप्पीवर खालीवर होणाऱ्या, म्हणजे आईला स्टुलावर चढायला नको. नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या घरच्या असतातच, जळणाचा प्रश्न नाही. डीह्युमिडिफायरही, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, चालतो, पण त्याला बंद खोली लागते आणि वीज लागते. पहिल्या वादळी पावसात आपल्याकडे वीज किती टिकते ते वडिलांना विचारा.

पडवीची नैर्ऋत्येकडची बाजू झडीत भिजते. पूर्वी तिथे माडाचे झाप बांधत. आता सगळे हिरवं नेट लावतात, त्याने ऊन अडतं, पाऊस नाही. खाली कललेल्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून घ्या, मे अखेरीस अडकवायच्या, दसऱ्याला काढून माळ्यावर टाकायच्या. छप्पर कौलांचंच राहू दे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पुष्कळांनी कौलं काढून पत्रे घातले. त्यांचं दुःख समजू शकतो, पण पत्र्याला आतून घाम फुटतो आणि तो थेंब-थेंब वाळत घातलेल्या कपड्यांवरच पडतो.

कोठीच्या खोलीची ओल ही वेगळी भानगड आहे. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि सोडतोही. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला असणार. मग आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. खालचा तीन-साडेतीन फूट गिलावा काढून चुन्याचा करा. त्याआधी बाहेर बघा: पागोळ्या भिंतीपासून अडीच फूट तरी लांब पडतात का? पडतात तिथे दगड बसवून उतार घरापासून लांब दिलाय का? हे न करता आत वॉटरप्रूफिंगचे डबे ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. फळ्या भिंतीपासून चार बोटं सोडून, आणि शक्यतो आतल्या भिंतीवर. लॅमिनेटच्या कपाटाची पाठ श्रावणापर्यंत फुगलेली असते. तांदूळ साठवताना ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर ही सगळी मेहनत करूनही जाळी धरणार.

न्हाणीला दर पाच फुटांना एक इंच उतार पुरे. लादी खरबरीत. न्हाणीत उतरायची ती जुनी पायरी मात्र काढाच, सत्तरीच्या माणसाला ती एक दिवस पाडणार. आधाराची दांडी ३१६ ग्रेडच्या स्टीलची घ्या. ३०४ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. वॉशिंग मशीन आणि गीझरसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय ओल्या पडवीत एकही बटण चालू करू नका.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी माडांच्या आळ्यांत सोडा. संडासाच्या शोषखड्ड्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तो विहिरीपासून निदान ६० फूट हवा, आणि जांभ्यात भेगा-पोकळ्या फार असल्याने अंतर जास्त मिळालं तर जास्तच ठेवा. चुन्याचं काम सुकायला वेळ घेतं, म्हणून गवंडी फेब्रुवारीतच धरून ठेवा. एप्रिलमध्ये सगळे आंब्यात असतात, माणूस मिळत नाही.

विहीर घराच्या कुठल्या बाजूला आहे आणि मागचं अंगण कोणत्या दिशेला उतरतं, एवढं लिहा. मग पाइप कुठून काढायचा ते सांगतो.