विनोदी स्त्रिया पुरुषांना आवडत नाहीत, हे खरे आहे का?

परभणीला आपल्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाल्यापासून ‘पाहुण्यांसमोर थट्टामस्करी करू नकोस, मुलांना असल्या मुली चालत नाहीत’ असे आई बजावते, असे आपण लिहिले आहे. आईंची काळजी निराधार नाही, परंतु त्यांचा सल्ला मला मान्य नाही.

‘विनोदबुद्धी’ या एका शब्दात हसवणे आणि हसून दाद देणे असे दोन वेगळे गुण सामावलेले आहेत. कॅनडातील एरिक ब्रेसलर, रॉड मार्टिन आणि सिगल बाल्शाइन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात स्त्रियांना जोडीदारात हे दोन्ही गुण हवे होते, तर पुरुषांनी मुख्यतः आपल्या विनोदाला दाद देणारी जोडीदारीण पसंत केली. त्याआधी अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातील १,२०० हास्यप्रसंग टिपले, तेव्हा बोलणारा पुरुष आणि ऐकणारी स्त्री असेल तर ती त्याच्यापेक्षा जास्त हसते, असे त्यांना दिसले.

म्हणून स्त्रियांना विनोद जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२० साली २८ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात पुरुषांची सरासरी थोडी वर निघाली. पण हा फरक लहान होता, आणि मुलींना लहानपणापासून किती मोकळीक मिळाली, याचा हिशेब त्यातून वेगळा काढता येत नाही. लातूरकडची माझी मावशी रुखवताच्या वेळी विहिणीच्या नावाने जागच्या जागी अशी गाणी जुळवायची की खुद्द विहीण पदर तोंडाला लावून हसायची. तेवढ्यात भावकीतले पुरुष मंडपात आले की मावशी डोक्यावरचा पदर सारखा करून गप्प बसायची. तिच्या सासऱ्यांना आणि दिरांना ती विनोदी आहे, हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते, याचे मला आजही फार वाईट वाटते.

आपण गप्प बसू नये. कॅन्सास विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात अनोळखी स्त्री-पुरुष जितके जास्त वेळा एकत्र हसले, तितकी त्यांची एकमेकांविषयीची ओढ अधिक आढळली. कांदेपोह्यांच्या बैठकीत दोघांनाच बोलायला दहा मिनिटे मिळतील, तेव्हा मनात येईल ते मोकळेपणाने बोला आणि मुलगा नुसता हसतो की हसून उलट काही सुचवतो, तेवढे बघा. माझ्या वेळी मी ‘पोहे आईने केलेत, मी फक्त बशी उचलून आणली’ असे सांगून टाकले होते. त्यावर ‘मग बशी छान आणलीत’ असे उत्तर आले, आणि त्याच माणसाबरोबर माझा संसार चालू आहे.