आकडा एकदाच सांगा, पण पूर्ण सांगा

प्रश्न : ताई, माझ्यावर दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी आणि एक पर्सनल लोन आहे. घरात कुणालाच माहीत नाही. मध्यंतरी नोकरी गेली, तेव्हा घरखर्च कार्डावर चालवला आणि ते वाढतच गेलं. आता नोकरी आहे, पण दर महिन्याला जेमतेम ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे कार्डाच्या बिलातली किमान भरायची रक्कम, भरतो. बायकोला सांगावंसं वाटतं, पण ती हादरेल. मोठा भाऊ समजूतदार आहे. त्याला आधी थोडंसं सांगून बघू का? की गुपचूप फेडून टाकू आणि विषय संपवू? (नाव छापू नये.)

उत्तर : आधी बायकोला सांगा, भावाला नंतर. हप्ते तुमच्या दोघांच्या संसारातून जातायत आणि ती बिचारी चुकीच्या आकड्यांवर पुढचे बेत आखतेय. घरातली गोष्ट आपल्याआधी दिराला ठाऊक होती हे तिला उद्या कळलं, तर कर्जापेक्षा तेच तिच्या जास्त जिव्हारी लागेल.

मी बँकेत कर्ज विभागात होते. गृहकर्जाला नवरा-बायको जोडीनं यायचे. अर्जात ‘इतर चालू कर्जे’ असा रकाना असतो, आणि कितीतरी जणांचं पेन नेमकं तिथे अडायचं. एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं, ‘‘मॅडम, हे नंतर भरून दिलं तर चालेल ना?’’ शेजारी बसलेल्या बायकोनं अर्ज स्वतःकडे ओढला आणि एवढंच विचारलं, ‘‘किती?’’ त्यांनी एक आकडा सांगितला. ती गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘बरं, बघू.’’ पुढे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या सगळ्या कर्जांची नोंद, आला, त्यात रक्कम जवळजवळ दुप्पट होती. तेव्हा मात्र ती उठून बाहेर निघून गेली. पहिला आकडा तिनं पचवला होता हो. दुसऱ्यानं घात केला.

म्हणून ‘थोडंसं सांगून बघू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. हप्त्याहप्त्यानं सांगितलेल्या कर्जात प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या मनात येतं, ‘अजून काय लपवलंय?’ आणि मग तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं.

सांगण्याआधी एक संध्याकाळ काढून सगळं कागदावर मांडा. कुणाचं देणं, आजची पूर्ण थकबाकी, व्याजाचा दर, भरण्याची तारीख. पर्सनल लोन आज बंद करायचं तर किती भरावे लागतील, तेही विचारून ठेवा. मित्राकडून घेतलेले हातउसने असतील तर तेही लिहा. माणसं नेमके तेच विसरतात.

हा कागद मांडताना मिनिमम ड्यूचा खेळ तुमच्याही लक्षात येईल. समजा, १ लाखाची थकबाकी आहे, व्याज महिना ३ टक्के आणि मिनिमम ५ टक्के. तुम्ही ५ हजार भरलेत, त्यातले ३ हजार व्याजातच गेले. मुद्दल उतरलं फक्त २ हजारांनी. काहीच भरलं नाही तर वर्षभरात त्या लाखाचे साधारण १ लाख ४२ हजार होतात, दंड वेगळा. शिवाय मागची बाकी ओढत असताना कार्डावर नवी खरेदी केली, तर बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. तेव्हा आधी कार्ड वापरणं थांबवा. सगळ्यांचं किमान देणं वेळेवर भरा आणि वरचा प्रत्येक पैसा सर्वांत जास्त दराच्या कर्जावर टाका.

गुपचूप फेडणं मला पटत नाही ते याचसाठी. घरात कुणाला माहीतच नसेल तर खर्च आवरणार कसा? कदाचित दोघांच्या नावावर एखादी ठेव असेल, याहून कितीतरी कमी दरानं वाढणारी. ती मोडून कार्डाची थकबाकी फेडणं शहाणपणाचं ठरेल. पण तो निर्णय तिचाही आहे, आणि तो घ्यायला तिला सगळं ठाऊक हवं.

दोघांनाही घाई नसेल अशा वेळी सांगा. झोपायच्या आधी नको. सुरुवात नोकरी गेल्याच्या कहाणीपासून करू नका. ऐकणारा सारा वेळ मनात आकड्याचाच अंदाज बांधत बसतो. ‘‘माझ्यावर इतकं कर्ज आहे, हा कागद बघ, मग कसं झालं ते सांगतो,’’ असं म्हणा आणि तिला बोलू द्या. ती चिडेल, कदाचित चार दिवस अबोला धरेल. माफीसाठी त्याच रात्री मागे लागू नका.

मग भाऊ. त्याच्याकडे पैसे मागायचेत की फक्त मन मोकळं करायचंय, हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे तो धास्तावणार नाही. पैसे घेतलेत तर परत कधी आणि कसे, हे लिहून द्या. जामीन राहायला तयार झाला, तर तुम्ही थकलात की वसुली त्याच्याकडून होऊ शकते, हे सहीआधी त्याला स्पष्ट कळू द्या.

प्रश्न : आई-बाबांचं वय झालंय. त्यांच्या पैशांबद्दल विचारलं तर ‘हिचा डोळा आमच्या पैशांवर आहे’ असं त्यांना वाटेल, अशी भीती वाटते. कसं विचारू?

उत्तर : ‘किती आहे’ हे विचारूच नका, ‘कुठे आहे’ एवढंच विचारा. खाती कोणत्या बँकेत, विम्याचे कागद कुठल्या कपाटात, कुणाला उसने दिलेत, हॉस्पिटलची वेळ आली तर कुठले पैसे काढायचे. रकमा त्यांना सांगायच्या असतील तेव्हा सांगतील. आणि आधी तुमची यादी त्यांच्यापुढे ठेवा : ‘‘मला काही झालं तर हे इथे आहे.’’ भावंडं असतील तर त्यांनाही त्याच वेळी बसवा, मागाहून कुजबुज नको. पिन, पासवर्ड, ओटीपी मात्र मागू नका आणि त्यांनी आपणहून सांगितले तरी लिहून घेऊ नका. बँकेत जाऊन खातं संयुक्त करता येतं का, किंवा तुम्हाला व्यवहाराचा अधिकार देता येतो का, ते त्यांना सोबत घेऊन विचारा.